पर्वतीचें तळें व सारसबाग

पुण्याच्या बागांचीं वर्णनें पुष्कळ झालीं. परंतु पर्वतीच्या पायथ्याशीं पेशव्यांच्या बागा ज्या पाण्याच्या आश्रयानें उभ्या राहिल्या, त्या पाण्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तें ध्यानांत धरल्यावांचून जुन्या कागदांतील कित्येक उल्लेखांचा उलगडा व्हावयाचा नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

नानासाहेब पेशव्यांनीं पर्वतीवर देवदेवेश्वराची स्थापना इ. स. १७४९ त केली. पुढें थोड्याच वर्षांत आंबिल ओढ्याचें पाणी अडवून त्यांनीं खालीं सुमारें २५ एकरांचें तळें करविलें, व मध्यें बेट राखून त्यावर बाग केली. तीच सारसबाग. कांठावरील हिराबाग १७५५ च्या सुमाराची. बेटावरील सिद्धिविनायकाचें देऊळ सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, १७८४ त, झालें. त्याच पेशव्याचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशीं होता. पुणें महानगरपालिकेनें १९५३ त या परिसरांत पेशवे उद्यान काढून त्यांत पुनः वाघसिंह आणून ठेविले, हा योगायोग मौजेचा खरा. पुढें प्राणिसंग्रह कात्रजला गेला.

हिराबागेंत दुसऱ्या बाजीरावानें लॉर्ड व्हॅलेन्शिया यास मेजवानी दिली. त्याचा प्रवासवृत्तांत १८०९ त छापला गेला. त्यांत तळें आहे, बेट आहे, पर्वती आहे. तें वर्णन हातीं घेऊन आज कोणी हिराबागेंतून पाणी पाहूं लागल्यास त्याला रस्ता व घरेंच दिसतील. पहिलें मराठी ग्रंथकार संमेलन न्यायमूर्ति रानडे यांच्या अध्यक्षतेखालीं ११ मे १८७८ रोजीं भरलें तें याच हिराबागेंत.

कालांतरानें तळें बुजलें, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्या जागीं महानगरपालिकेची सार्वजनिक बाग झाली. जेथें पेशव्यांच्या परवानगीवांचून पाऊल पडत नसे, तेथें आज कोणीहि हिरवळीवर बसतो. याबद्दल आम्हांस खेद नाहीं. खेद इतकाच कीं, पाण्याबरोबर त्याची स्मृतिहि लोपूं पाहत आहे. लोकांच्या जिभेनें मात्र ती राखिली आहे. हिंजवडीचे आमचे वृद्ध शेजारी अद्यापि ‘तळ्यांतल्या गणपतीला’ जातों असेंच म्हणतात. तळें त्यांनीं स्वतः पाहिलेलें नाहीं. बागेच्या नांवांतहि तेंच आहे. सारस हा शब्द ‘सरस्’ म्हणजे तळें यापासून सिद्ध होतो. तळ्याचा तो सारस. हल्लीं कोणी या नांवाचा अर्थ ‘सरस म्हणजे उत्तम बाग’ असा लावितात, तो व्याकरणास मानवत नाहीं. आद्य स्वराची वृद्धि कोठून आली, याचें उत्तर त्यांच्यापाशीं नाहीं.

कात्रजचें तळेंहि नानासाहेबांच्याच काळचें असल्यानें घोंटाळ्यास जागा आहे. यास्तव ज्यांच्या संग्रहीं त्या काळचे हिशेब वा पत्रें असतील, त्यांनीं ‘तळें’ एवढ्या शब्दावरून कात्रज असा तर्क करूं नये. मागेंपुढें पर्वती, हिराबाग किंवा होडीचा खर्च आला आहे काय, तें आधीं पाहावें, आणि तसा कागद सांपडल्यास त्याची नक्कल मंडळाकडे धाडावी.