कराडचे नगराध्यक्षपद

महापौर हे पद महापालिकेचे. कराडला नगरपालिका आहे, त्यामुळे शहराचा प्रथम नागरिक म्हणजे नगराध्यक्ष. मात्र प्रथम नागरिक म्हणून मिरवायचे की कारभार खरोखर चालवायचा, हा महापौरांपुढचा प्रश्न कराडलाही चुकलेला नाही.

1848 मध्ये सातारचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतर काही वर्षांतच, 1850 च्या कायद्याच्या आधारे, साताऱ्यात आणि कराडमध्ये नगरपालिका आल्या. कराड नगरपालिकेची स्थापना 1855 ची. या कायद्याने रस्ते, दिवाबत्ती, सफाई यांसाठी कर बसवण्याची मुभा दिली; लोकांनी कोणाला निवडून द्यावे, अशी अपेक्षा त्यात फारशी नव्हती. सुरुवातीच्या नगरपालिकांवर सरकारी अधिकाऱ्यांचीच छाया असे. लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात 1884 चा कायदा झाला आणि निवडून आलेल्या सभासदांना जागा मिळाल्या. तरीही मतदार म्हणजे कर भरणारी मोजकी मंडळी. प्रत्येक प्रौढाला मत मिळाले ते स्वातंत्र्याच्या काळात.

स्वातंत्र्योत्तर कराडमध्ये हे पद एका नावाशी जोडले गेले, ते म्हणजे पी. डी. पाटील. सुमारे चार दशके ते नगराध्यक्ष होते. यशवंतराव चव्हाणांचे हे निकटचे सहकारी सह्याद्री सहकारी साखर कारखान्याच्या कारभारातही अग्रणी राहिले. इतका दीर्घ काळ खुर्ची टिकणे कायद्याच्या जोरावर शक्य नसते. त्यामागे सहकाराचे जाळे आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांचा पाठिंबा होता. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या या बाजारपेठेत शहर आणि भोवतालचा ऊसपट्टा यांचे राजकारण वेगळे काढताच येत नाही. पुढे त्यांचे चिरंजीव बाळासाहेब पाटील राज्याचे सहकारमंत्री झाले.

कायद्याने मात्र या पदाला स्थिर राहू दिले नाही. 1965 च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने राज्यभर एकसारखी घडी बसवली: अध्यक्षांनी सभा चालवायची, कारभारावर लक्ष ठेवायचे, आणि दैनंदिन अंमलबजावणी राज्य सरकारने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्यांनी करायची. अध्यक्ष कोणी निवडायचा, यावर सरकारांचे मत सतत फिरत राहिले. 1974 मध्ये थेट जनतेतून निवड झाली, नंतर ती सोडून दिली गेली; 2001 मध्ये पुन्हा आली, 2006 मध्ये गेली; 2016 मध्ये परतली, 2020 मध्ये रद्द झाली, 2022 मध्ये पुन्हा लागू झाली. सत्ताधाऱ्यांच्या सोयीखेरीज याला दुसरे कारण शोधणे कठीण आहे. दरम्यान 74 व्या घटनादुरुस्तीने, 1993 पासून, मुदतीत निवडणुका आणि महिलांचे आरक्षण सक्तीचे केले. अध्यक्षपदाचे आरक्षण सोडतीने ठरू लागले, आणि एकाच माणसाने दशकानुदशके पद राखण्याचा काळ संपला.

थेट निवडीतली अडचण कराडने 2016 मध्ये अनुभवली. भाजपच्या रोहिणी शिंदे थेट मतदानाने नगराध्यक्ष झाल्या, तर सभागृहात बहुमत जनशक्ती आघाडीचे आले. कराडच्या निवडणुका पक्षांपेक्षा जनशक्ती, लोकशाही अशा स्थानिक आघाड्यांच्या नावाने लढवल्या जातात, त्यामुळे हा पेच अनपेक्षित नव्हता. जनतेचा कौल पाठीशी असला तरी ठराव सभागृहातच मंजूर व्हावा लागतो. दिल्लीत तर उलट टोक आहे: महापौर एका वर्षापुरता, नगरसेवकांनी निवडलेला, आणि कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. कराडच्या नगराध्यक्षांना पाच वर्षे तरी मिळतात.

सत्ता विभागलेली असूनही काम थांबले नाही. 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत कराड देशात पहिले आले. याचे श्रेय अध्यक्ष, नगरसेवक, मुख्याधिकारी आणि सफाई कामगार या सर्वांचे. 2021 च्या अखेरीस 2016 मध्ये निवडून आलेल्या मंडळाची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे राज्यातील नगरपालिकांच्या निवडणुका लांबल्या आणि त्या 2025 च्या डिसेंबरपर्यंत झाल्या नाहीत. मधली जवळपास चार वर्षे नगराध्यक्षांची खुर्ची रिकामी होती आणि कारभार प्रशासकाच्या सहीने चालला.