वेदनेकडून अवेदनेकडे

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे रेणुकामातेच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे गाव. तालुक्याचे ठिकाण असलेले गोदाकाठचे गंगाखेड म्हणजे संत जनाबाईची जन्मभूमी. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली, तेव्हापासून हा परिसर त्या धर्मप्रांतात मोडतो. अशा गावातील माणसाला कर्करोग होतो, तेव्हा त्याच्या वाट्याला नेमके कोणते दुःख येते? या प्रश्नाचे उत्तर केवळ वैद्यकशास्त्रात सापडत नाही. ते इतिहासातही शोधावे लागते.

मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात निवर्तल्या. त्या दुःखातून त्यांचे पती सर दोराबजी यांच्या मनात मायदेशी रुग्णालय उभारण्याचा विचार रुजला आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्या दिवशी परभणी निजामाच्या राज्यात होती आणि मुंबई हा परका मुलूख होता. १९४८ साली निजामी राजवट संपली, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. सीमा पुसली गेली, अंतर मात्र उरले. पुढे बार्शी येथे कर्करोग रुग्णालय झाले व १९८७ साली तेथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. औरंगाबादला शासकीय कर्करोग रुग्णालय यायला २०१२ साल उजाडले.

परंतु अंतर केवळ मैलांचे नसते. घरात रोगाचे नाव उच्चारले जात नाही. ‘गाठ आहे’ एवढेच म्हटले जाते. हा रोग स्पर्शाने होत नाही, तरी रुग्णाचे ताटवाटी वेगळे निघते. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, शेताचा तुकडा गहाण पडतो आणि आपण घरावर ओझे झालो ही बोच रोगाहून खोल जाते. अखेरीस ईयोबाचाच प्रश्न उरतो : हे माझ्याच वाट्याला का?

देह, मन, कुटुंब आणि आत्मा यांच्या या एकत्रित यातनेला इंग्लंडमधील डॉ. सिसिली सॉण्डर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ असे नाव दिले. त्यांच्या कार्यामागे धर्मभगिनींची जुनी परंपरा होती. आयर्लंडच्या ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ने १८७९ साली डब्लिनमध्ये आणि १९०५ साली लंडनमध्ये मरणोन्मुखांसाठी आश्रयगृहे उघडली. लंडनच्या त्या सेंट जोसेफ गृहात सॉण्डर्सबाई १९५८ पासून काम करू लागल्या. दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी मॉर्फीन देण्याची पद्धत त्यांनी तेथे रुजवली. १९६७ साली त्यांनी स्वतःचे सेंट ख्रिस्तोफर गृह उभारले. आपल्याकडे डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ साली वांद्रे येथे ‘शांती अवेदना’ हे भारतातील पहिले आश्रयगृह सुरू झाले. अवेदना म्हणजे वेदनेचा अभाव; नावातच संस्थेचे व्रत सामावले आहे.

दुर्दैव असे की, आपल्याच देशात अफूची कायदेशीर लागवड होत असूनही तिच्यापासून बनणारे मॉर्फीन आपल्याच रुग्णाला दुर्लभ झाले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या परवान्यांचे जाळे एवढे गुंतागुंतीचे होते की, अनेक रुग्णालयांनी ते औषध ठेवणेच सोडले. ही जाचक व्यवस्था सैल करणारी दुरुस्ती २०१४ साली झाली.

एक चूक आपलीही आहे. ‘प्रभूने क्रूस वाहिला, तूही सोस’ असे आपण रुग्णाला सहज सांगतो. पोप बारावे पायस यांनी तर १९५७ सालीच स्पष्ट केले होते की, वेदना शमवणारे औषध घेणे ख्रिस्ती श्रद्धेला बाधक नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली मानवी दुःखावर प्रेषितीय पत्र लिहिले. दुःखाचा तारणदायी अर्थ उलगडताना त्यांनी चांगल्या शोमरोनीचा दाखलाही पुढे ठेवला. शोमरोन्याने जखमी वाटसरूला उपदेश केला नाही. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला आणि उताराशाळेचा खर्चही उचलला.

गंगाखेडच्या जनाबाईची कथा मराठी मनाला ठाऊक आहे. विठ्ठलाने तिला सहनशीलतेचे पाठ दिले नाहीत. तो तिच्याबरोबर जात्याशी बसला. दुःखाला अर्थ देण्याचा अधिकार ते सोसणाऱ्याचा आहे. आपल्या वाट्याला येते ते खुंट्याला हात लावण्याचे काम. राणीसावरगावच्या रुग्णाला औषध, सोबत आणि खरे बोलणारा माणूस मिळाला, तरच आपल्या प्रार्थनेला त्याच्या उशाशी बसण्याचा हक्क आहे.