इन्स्टाग्रामवर गाजणारी इंग्लंडमधली 'ही' घरं मुळात घरं नव्हतीच!

मधाच्या रंगाच्या दगडी भिंती, उतरती छपरं आणि समोरून वाहणारी छोटीशी नदी. इंग्लंडच्या खेड्याचा हा फोटो तुम्ही कॅलेंडरवर किंवा एखाद्या रीलमध्ये नक्की पाहिला असेल. ब्रिटिश पासपोर्टच्या एका आवृत्तीत तर आतल्या कव्हरवरच तो छापला होता. ही आहे ग्लॉस्टरशायरमधल्या बायबरी गावची 'आर्लिंग्टन रो'.

आधी लोकर, मग माणसं

साधारण 1380 च्या सुमारास ही इमारत बांधली गेली ती लोकर साठवण्यासाठी. म्हणजे ही होती ख्रिस्ती मठाची वखार. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांवरच्या मेंढ्यांची लोकर तेव्हा युरोपभर विकली जायची.

पुढे सतराव्या शतकात या लांबलचक वखारीत आडव्या भिंती घालून विणकरांसाठी घरं तयार केली गेली. ओळीतली घरं एकमेकांना चिकटून का आहेत, याचं उत्तर इथे मिळतं.

विणलेलं कापड जवळच्या आर्लिंग्टन मिल या पाणचक्कीवर जायचं. तिथे ते पाण्यात कुटून घट्ट केलं जाई. कापडातलं तेल काढायला त्या काळी इंग्लंडमध्ये जी माती वापरत, ती म्हणजे आपली मुलतानी मातीच! मग ओलं कापड आक्रसू नये म्हणून घरांसमोरच्या पाणथळ कुरणात लाकडी चौकटींवर ताणून वाळवत. या चौकटींना म्हणायचे रॅक, म्हणून त्या कुरणाचं नाव आजही 'रॅक आयल' आहे.

छपरं एवढी उतरती का?

ही काही शोभेसाठी केलेली रचना नाही. छपरावर आपल्यासारखी मातीची कौलं नाहीत, तर चुनखडीच्या दगडाच्या चकत्या आहेत. हा दगड खडबडीत असतो आणि पाणी शोषतो. त्यामुळे पाऊस झरझर वाहून जावा, यासाठी उतार तीव्र ठेवावा लागतो.

नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसेल. मोठ्या चकत्या खाली वळचणीला आणि लहान चकत्या वर आढ्याकडे. खालच्या भागावर सगळ्या छपराचं पाणी येतं, तिथे मोठा दगड म्हणजे सांधे कमी. शिवाय जड दगड वर चढवायची मेहनतही वाचते.

एवढं वजन पेलायला आत लाकडाचा भक्कम सांगाडा आहे. उतारामुळे छपराखाली राहण्याजोगा माळा मिळाला आणि तिथे उजेड यावा म्हणून छपरातूनच त्रिकोणी माथ्याच्या खिडक्या काढल्या. जमीन चढती असल्याने घरांची ओळही वरखाली होत जाते.

घरं वाचली कशी?

कापडाचा धंदा यंत्रांच्या गिरण्यांकडे गेला आणि हे विणकर मागे पडले. विसाव्या शतकात अशी जुनी खेडेगावातली घरं पाडली जात होती. फोटो काढणाऱ्यांना मोहवणारी ही घरं आत मात्र दमट आणि अंधारी होती, हेही खरं.

अखेर 1929 साली रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने ही ओळ विकत घेतली. 1949 मध्ये ती नॅशनल ट्रस्टकडे आली. आज तिला 'ग्रेड वन' म्हणजे सर्वोच्च दर्जाचं संरक्षण आहे.

पण इथे लोक राहतात

ही घरं म्हणजे संग्रहालय नाही. बहुतेक घरांत आजही भाडेकरू राहतात. काही वर्षांपूर्वी इथल्या एका वयस्कर रहिवाशाची पिवळी गाडी 'फोटो बिघडवते' म्हणून पर्यटकांनी तक्रारी केल्या आणि 2017 साली कोणीतरी तिची तोडफोड केली. मग त्याच वर्षी देशभरातले लोक आपापल्या पिवळ्या गाड्या घेऊन गावात आले आणि त्या रहिवाशाला पाठिंबा दिला.

वखार टिकली, कारण तिच्यात माणसं राहायला आली. त्यामुळे कधी तिथे गेलात तर फोटो जरूर काढा, फक्त कुणाच्या खिडकीत डोकावू नका.