बिली टोझॅन

विल्बर्ट जोसेफ 'बिली' टोझॅन (जन्म: १४ जून १९४३) हे अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील वकील, राजकारणी आणि लॉबिस्ट होत. ते १९८० ते २००५ या काळात अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. सदस्यत्व संपताच त्यांनी औषध कंपन्यांच्या 'फार्मा' या संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारले. याच उद्योगाला लाभदायक ठरलेला कायदा त्यांच्या हातून नुकताच संमत झाला असल्याने या नेमणुकीवर मोठी टीका झाली. लोकप्रतिनिधीने पद सोडताच संबंधित उद्योगाची नोकरी धरण्याच्या प्रथेला अमेरिकी राजकारणात 'फिरते दार' म्हणतात. त्या प्रथेच्या चर्चेत टोझॅन यांचे नाव हमखास निघते.

लॉबिस्ट म्हणजे एखाद्या उद्योगाच्या वा संस्थेच्या वतीने, मोबदला घेऊन, कायदेमंडळाच्या सदस्यांचे मत वळवू पाहणारी व्यक्ती. अमेरिकेत हा उघड आणि नोंदणीकृत व्यवसाय आहे. त्याला आपल्याकडील 'मध्यस्थ' वा 'दलाल' हे शब्द नेमके लागू पडत नाहीत.

पूर्वायुष्य
टोझॅन यांचा जन्म लुइझियानातील चॅकबे या छोट्या गावी, फ्रेंच वंशाच्या कॅजन समाजात झाला. आडनावाचा उच्चारही त्या वळणाचा आहे. स्पेलिंगवरून तो सहसा चुकतो. निकल्स स्टेट येथून १९६४ मध्ये पदवी आणि लुइझियाना स्टेट विद्यापीठातून १९६७ मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी काही काळ वकिली केली. १९७० च्या दशकात ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले.

काँग्रेसमधील कारकीर्द
डेव्हिड ट्रीन हे लुइझियानाचे गव्हर्नर झाल्याने रिकाम्या झालेल्या जागेवर टोझॅन १९८० च्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षातर्फे विजयी झाले. १९८७ मध्ये त्यांनी स्वतः गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली. तीत ते चौथे आले. केबल कंपन्यांच्या मालकीचे कार्यक्रम उपग्रह दूरचित्रवाणीसारख्या स्पर्धकांनाही रास्त अटींवर मिळावेत, ही १९९२ च्या केबल कायद्यातील दुरुस्ती त्यांची होती. या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी वापरलेला नकाराधिकार काँग्रेसने मोडून काढला. बुश यांचा तेवढा एकच नकाराधिकार असा निष्फळ ठरला.

पुराणमतवादी डेमोक्रॅट सदस्यांच्या 'ब्लू डॉग' गटाच्या संस्थापकांत ते होते. मात्र ऑगस्ट १९९५ मध्ये, रिपब्लिकन पक्षाकडे बहुमत आल्यावर, त्यांनी पक्षांतर केले. २००० साली फायरस्टोन टायर फुटून झालेल्या अपघातांची चौकशी त्यांच्या उपसमितीपुढे गाजली आणि त्यातून वाहनसुरक्षेचा नवा कायदा झाला. २००१ मध्ये ते ऊर्जा व वाणिज्य समितीचे अध्यक्ष झाले. एन्रॉन कंपनीच्या दिवाळखोरीची सुनावणीही या समितीने घेतली. (एन्रॉन म्हटले की मराठी वाचकाला दाभोळ आठवते, पण ही चौकशी मुख्यतः कंपनीच्या हिशेबांतील लबाडीची होती.)

मेडिकेअर औषध कायदा
मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी असलेली सरकारी आरोग्यविमा योजना. २००३ च्या कायद्याने तीत प्रथमच डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचा व्यापक खर्च समाविष्ट झाला. टोझॅन हे या विधेयकाच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक होते. वृद्धांना दिलासा देणाऱ्या या कायद्यात एक कलम मात्र असे होते की, औषधांच्या किमतींबाबत सरकारने कंपन्यांशी घासाघीस करावयाची नाही. कोट्यवधी रुग्णांच्या वतीने पैसे मोजणाऱ्या ग्राहकानेच भाव करू नये, ही तरतूद वादाचे मूळ ठरली.

२२ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे प्रतिनिधिगृहात मतदान झाले. एरवी सुमारे १५ मिनिटांत आटोपणारे मतदान जवळजवळ तीन तास खुले ठेवण्यात आले आणि विधेयक २२० विरुद्ध २१५ मतांनी संमत झाले. ८ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष धाकटे बुश यांची स्वाक्षरी झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच टोझॅन यांना औषध उद्योगाकडून पदाचा प्रस्ताव आल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांनी समितीचे अध्यक्षपद सोडले.

याच सुमारास त्यांना आतड्याचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रियेनंतर नव्या औषधाने आपला जीव वाचला आणि म्हणूनच आपण या उद्योगाकडे वळलो, असे ते सांगत आले. त्यांच्या आजाराविषयी कोणी शंका घेतलेली नाही. आक्षेप होता तो घटनांच्या क्रमाला. डिसेंबर २००४ मध्ये झालेल्या निवडणुकीच्या निर्णायक फेरीत त्यांच्या जागेवर उभे राहिलेले त्यांचे पुत्र अवघ्या ५६९ मतांनी पराभूत झाले.

'फार्मा'चे अध्यक्षपद
जानेवारी २००५ मध्ये टोझॅन 'फार्मा'चे अध्यक्ष झाले. त्यांचे वार्षिक वेतन सुमारे २० लाख डॉलर असल्याचे वृत्त होते. २००८ च्या प्रचारात बराक ओबामा यांनी एका जाहिरातीत त्यांचेच उदाहरण देऊन ही पद्धत मोडण्याची भाषा केली. पुढच्याच वर्षी आरोग्यसेवा विधेयकासाठी ओबामांच्या प्रशासनाला याच टोझॅन यांच्याशी समझोता करावा लागला. औषध उद्योगाने दहा वर्षांत ८० अब्ज डॉलरचा भार उचलायचा आणि त्याबदल्यात किमतींवरील वाटाघाटी व परदेशी स्वस्त औषधांची आयात या मागण्या प्रशासनाने पुढे रेटायच्या नाहीत, असे त्याचे स्वरूप टोझॅन यांच्या बाजूने मांडले गेले. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. आरोग्यसेवा कायद्यावर पुढच्याच महिन्यात स्वाक्षरी झाली.

नंतरच्या घडामोडी
२००७ च्या कायद्याने सेनेटच्या माजी सदस्यांवरील लॉबिंगची बंदी एक वर्षावरून दोन वर्षे झाली. प्रतिनिधिगृहाच्या माजी सदस्यांसाठी ती एक वर्षच राहिली. किमतींवर वाटाघाटी न करण्याचे २००३ चे बंधन जवळजवळ १९ वर्षे टिकले. १६ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने मेडिकेअरला निवडक औषधांच्या किमती ठरवून घेण्याचा अधिकार दिला. पहिल्या फेरीत दहा औषधे निवडण्यात आली आणि त्यांच्या नव्या किमती लागू होण्याची तारीख १ जानेवारी २०२६ ठरली.