ग्वाल्हेरची स्वरलिपी आणि वाचणारा डोळा

भातखंडे पद्धतीने छापलेला एकच स्वर पाहिला, तरी बोटाच्या पेराहून लहान जागेत चार-पाच प्रकारची माहिती दाटलेली दिसते. अक्षर स्वराचे नाव सांगते. त्याखाली आडवी रेघ असेल तर स्वर कोमल. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असेल तर तो तीव्र. बिंदू वर असला की तार सप्तक, खाली असला की मंद्र, आणि बिंदूच नसला की मध्य. स्वरांच्या खालून गेलेली कमान ते सगळे एका मात्रेत बसवायला सांगते, वरून गेलेली कमान मींड दाखवते, आणि खांद्यावरचे बारीक अक्षर म्हणजे कणस्वर. शिकलेला विद्यार्थी हे सारे एका नजरेत उचलतो. ही नजर संस्थानी शाळेत घडवण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग ग्वाल्हेरात झाला.

हे गाव कानाने शिकणाऱ्यांचे. हस्सूखाँ, हद्दूखाँ आणि नत्थूखाँ यांची ख्यालगायकी शिंदे दरबारच्या आश्रयाने वाढली. बंदिश गुरूच्या तोंडून घ्यायची, कागदाचे काम नसायचे. वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ही विद्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. एका वर्गात अनेकांना शिकवायचे तर लेखन हवेच, म्हणून त्यांनी स्वतःची चिन्हपद्धती बसवली. दुसरीकडे मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे देशभरच्या बंदिशी जमवून उतरवून घेत होते.

1916 मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतर ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या निवडक गवयांना भातखंड्यांकडे पद्धत शिकायला मुंबईस धाडले. राजाभैया पूछवाले त्यांपैकीच. 1918 मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले. घराण्यात मुरलेल्या, तयार गवयांनी पुन्हा पाटी घेऊन अक्षरओळख करावी, हा प्रसंग वाटतो तितका सोपा नव्हे. कृष्णराव शंकर पंडित यांची शाळा त्याआधीच, 1914 पासून, याच शहरात चालू होती.

दोन्ही विष्णूंच्या पद्धतींत खरा फरक आहे तो काळ दाखवण्याच्या रीतीत. पलुसकर पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या लांबीची खूण असते: एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, पाव मात्रेला अर्धचंद्र. लेखन काटेकोर, पण प्रत्येक खूण स्वतंत्र वाचून मनात बेरीज करावी लागते. भातखंड्यांनी काळ जागेवर सोपवला. तालाचे विभाग उभ्या रेघांनी पाडले, समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे दिले. वरच्या ओळीत स्वर, त्याखाली बंदिशीचे शब्द. त्रितालाची नववी मात्रा, म्हणजे खाली, शोधायला मोजावे लागत नाही. शून्य दिसते आणि तिथल्या उभ्या रांगेत स्वर व शब्द दोन्ही सापडतात. 1984 मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या अमेरिकी संशोधकांनी आलेखांवर प्रयोग करून दाखवले की समान पट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक ओळखतो. कोन, क्षेत्रफळ किंवा रंगाची गडदता यांच्या बाबतीत त्याचा अंदाज अधिक चुकतो. भातखंड्यांच्या मांडणीला हा कौल जवळजवळ सात दशके उशिरा मिळाला, असे म्हणायला हरकत नाही.

बिंदूचेही तसेच. तार सप्तकाला गवई वरचे म्हणतात आणि भातखंडे बिंदू वरच देतात. पलुसकर पद्धतीत मात्र वरचा बिंदू मंद्राचा असतो, आणि तार स्वरावर उभी रेघ येते. एक पद्धत हाडीमाशी भिनलेल्या वाचकाला दुसरी वाचताना सप्तकच उलटे दिसावे, यात नवल नाही. कोमलाची खालची आडवी रेघ आणि तीव्राची वरची उभी रेघ यांचा आकार ऋग्वेदाच्या छापील प्रतींतील अनुदात्त व स्वरिताच्या खुणांसारखाच आहे. पोथ्या पाहिलेल्या डोळ्यांना त्या परक्या वाटल्या नसणार.

अडचण येते ती खुणा एकमेकींवर चढल्या की. 1980 मध्ये ॲन ट्रीझमन आणि गॅरी जेलेड यांनी मांडले की एकाच गुणाने वेगळी असलेली वस्तू गर्दीतही आपोआप उठून दिसते. दोन गुणांच्या जोडीने ओळखायची वस्तू मात्र एकेक तपासून शोधावी लागते. सरगमीतले कोमल स्वर चटकन दिसतात. मंद्रातले कोमल स्वर दिसत नाहीत, कारण रेघ आणि बिंदू दोन्ही अक्षराखालीच येतात, आणि मात्रेची कमानही तिथूनच जाते. दरबारी कानड्याचे सारे वजन मंद्र सप्तकात, गांधार, धैवत, निषाद कोमल; म्हणजे लिपीला सर्वांत जड जाणारा राग हाच. शिवाय त्यातल्या गांधाराचे आंदोलन रेघेत मावत नाही.

ग्वाल्हेरच्या ख्यालाने दुसरी परीक्षा घेतली. मध्यलयीच्या बंदिशीत मात्रेला एक-दोन स्वर असल्याने पान मोकळे दिसते. तिलवाडा किंवा झुमऱ्यातल्या विलंबित ख्यालात एका मात्रेत स्वरांचा झुबका येतो. कमानी लांबतात, मात्रा समान रुंदीच्या राहत नाहीत, आणि जागेवरून काळ वाचण्याची सोय तिथेच ढिली पडते. म्हणून बडा ख्याल पुस्तकातून उचलणे विद्यार्थ्याला जड जाते, तर छोटा ख्याल सहज बसतो.

तरीही पसरली ती भातखंड्यांचीच पद्धत. त्यांची सहा भागांतली ‘क्रमिक पुस्तकमालिका’ आणि 1926 मध्ये लखनौला निघालेले मॅरिस संगीत कॉलेज यांमुळे ती परीक्षांच्या अभ्यासक्रमात पक्की झाली. संगणकावर आता तार षड्ज अनुस्वार देऊन ‘सां’ असा उमटवतात आणि कोमल स्वराखाली वैदिक अनुदात्ताची रेघ वापरतात. मंद्र कोमल धैवताची रेघ आणि बिंदू एकाखाली एक बसवणे मात्र अजूनही कटकटीचेच काम आहे.