सरकारदप्तरी लिहिलेले आपले पूर्वज

स्मरणिकेत दरवर्षी समाजातील थोर पुरुषांची चरित्रे येतात. यंदा आम्ही निराळा विषय घेतला आहे. आपल्या आज्या-पणज्यांची हकीकत प्रथम कोणी लिहून ठेवली? ती लिहिली पोलीस खात्याने.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी त्याचा अंमल उत्तर हिंदुस्थानात होता. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. एखादी जमात गुन्हेगार आहे असे सरकारने जाहीर केले की, त्यावर कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नसे. मग त्या जमातीच्या माणसांनी नेमल्या जागी हजर व्हावे, मागतील ती माहिती द्यावी, बोटांचे ठसे द्यावेत, असा हुकूम निघे. रजिस्टर जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या ताब्यात राही. ज्याचे नाव त्यात चढले, त्याला हजेरी द्यावी लागे आणि मुक्काम हलवताना वर्दी द्यावी लागे. गावच्या पाटलावर आणि जागल्यावरही पाळतीची जबाबदारी होती. सहा ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून निराळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारने घेतला होता. चोरी केली की नाही, हे विचारण्यापूर्वीच जन्म कोणाच्या घरी झाला, हे लिहिले जाई.

आमची आजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये वाढली. म्हातारपणी तिला दिसेनासे झाले होते. तरी दारात कोणी मोठ्याने नाव पुकारले की ती उठून उभी राही आणि "हजर" म्हणे. आम्ही पोरे हसत असू. त्या हसण्याची आज लाज वाटते.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली रद्द झाला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी सबंध देशातून गेला. परंतु सवय गेली नाही. आम्ही मुख्याध्यापक असताना गावात एक चोरी झाली. एक अंमलदार शाळेत आले आणि जनरल रजिस्टरातून आपल्या समाजाच्या मुलांची व पालकांची नावे उतरवून मागू लागले. आम्ही रजिस्टर पुढे केले. त्यांतील एकाही पालकावर गुन्हा शाबीत झाला नाही. मात्र दोन मुलांनी शाळा सोडली. ही चूक आमची होती, हे येथे नमूद करतो.

तुरुंगातील रजिस्टरांतून जातीचा रकाना काढून टाकावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिला. १८७१ पासून मोजले तर १५३ वर्षे झाली.

दैवगती पाहा. आज आपल्या मुलास विमुक्त जातीचा दाखला काढावयाचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. ज्या दप्तराने आपल्याला कलंक लावला, त्याच्याच दारी आपण नकला मागत फिरतो. कारण आपल्या घरी आपले लिहिलेले असे काहीच नाही.

म्हणून समाजबंधू-भगिनींस आमची विनंती आहे. घरातील वृद्धांपाशी बसा. त्यांचे नाव, गाव, हुन्नर आणि सोसलेले दुःख वहीत उतरवून घ्या. आम्ही आमच्या आजीपासून आरंभ केला आहे. पहिल्या ओळीत तिचा हजेरीचा नंबर नाही. तिचे नाव आहे.