उत्तन-डोंगरी परिसरातील कृपेची शिकवण

मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतील उत्तन, डोंगरी, पाली, चौक ही साष्टी बेटाच्या वायव्य टोकाची गावे १५३४ च्या वसई तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि प्रथम फ्रान्सिस्कन, पुढे जेझुइट संघाच्या धर्मगुरूंनी तेथील कोळी व शेतकरी कुटुंबांत ख्रिस्ती धर्म रुजवला. या धर्मांतरामागे राजसत्तेचे वजन होते, हे नाकारता येत नाही. तथापि सत्ता गेल्यावरही जो विश्वास टिकला, त्याचा उलगडा केवळ सत्तेने होत नाही.

या विश्वासाच्या गाभ्याशी असलेली पाप व कृपेची शिकवण येथे रुजत असतानाच युरोपात तिच्यावरून उभी फूट पडली होती. आदामाच्या आज्ञाभंगाने सर्व मानवजातीला जडलेले ते आदिपाप आणि त्यातून सोडवणारे, माणसाने न कमावलेले ईश्वरी दान ती कृपा, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. मात्र मार्टिन ल्यूथरने केवळ श्रद्धेने तारण होते असे प्रतिपादिले, तर ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये श्रद्धेला तारणाचा आरंभ व मूळ मानूनही कृपेला माणसाने साथ देणे आवश्यक ठरवले. परिषदेचा हा निर्णय कॅथलिक गावांत वादविवादातून नव्हे, तर संस्कारांतून पोहोचला: तान्ह्या मुलाच्या मस्तकावर ओतलेले स्नानसंस्काराचे पाणी, धर्मगुरूपुढे केलेले पापनिवेदन, उपवासकाळाच्या आरंभी कपाळी रेखलेला राखेचा क्रूस. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्याही पाप आणि क्षमा यांचा अर्थ अशा रीतीने अंगवळणी पडला, आणि या शिकवणीचे खरे बळ येथेच होते.

मराठीत हाच विषय फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवीबद्ध केला; त्याच्या पहिल्या भागात मानवाचे पतन व तारणाऱ्याची प्रतीक्षा, तर दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र येते. स्टीफन्स यांचे कार्यक्षेत्र असलेली साष्टी गोव्यातील होय. ठाण्याच्या साष्टीशी तिची गल्लत करू नये.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने चौक येथील धारावी किल्ला आणि पुढे वसई घेतल्यावर युरोपीय धर्मगुरू गेले व उपासना देशी धर्मगुरूंच्या आणि गावकऱ्यांच्या हाती राहिली. गावठाणातील क्रुसांपुढे एकत्र म्हटली जाणारी जपमाळ हा त्याच सामुदायिक भक्तीचा वारसा आहे. युरोपातील त्या जुन्या वादाबाबत कॅथलिक आणि लुथरन चर्चने १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे कृपा व श्रद्धेविषयीच्या मूलभूत सहमतीवर स्वाक्षऱ्या केल्या. परंतु ही गावे तीच शिकवण शतकानुशतके कशी जगली, हे चर्चमधील नोंदवह्या व वृद्धांच्या तोंडी असलेल्या प्रार्थना अभ्यासकांनी वेळीच नोंदवल्या तरच कळेल.